लिस्बनमध्ये तीन दिवस: चढ चाकांवर, उतार पायांवर

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय, असं प्रत्येक माहितीपत्रकात छापलेलं असतं. माझ्या गुडघ्यांनी मोजल्या तेव्हा त्या सतरा भरल्या. पहिल्या खेपेला मोबाइलमधल्या नकाशाने '६०० मीटर, ९ मिनिटं' असं सांगितलं आणि मी भाबडेपणाने निघालो. ते सहाशे मीटर म्हणजे बहुतांशी जिना होता. दुसऱ्या खेपेला आई बरोबर होती. वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा मात्र आदल्या रात्री बसून सगळा आराखडा उलटा केला: सकाळी एकदाच चाकांवर बसून वर जायचं आणि मग दिवसभर हळूहळू उतरत नदीपाशी यायचं. आई तिन्ही दिवस चालली. संध्याकाळी आधी टेकायचो तो मीच.

कार्यक्रम तीन दिवसांचा आहे. युरोपात नोकरीला किंवा शिकायला असाल तर गुरुवारी संध्याकाळी पोचा, रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी परता. भारतातून मोठ्या सहलीवर येऊन मध्ये तीन दिवस लिस्बनला देणाऱ्यांनाही हाच चालेल, फक्त वार सांभाळा. वारांचं महत्त्व पुढे कळेलच.

तिकीट काढण्याआधी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. लंडनला राहत असलात तरी लागतो, हे बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. शुल्क ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून आधी व्हिसाची वेळ पाहा, मग विमान.

ऋतू म्हणाल तर एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. हिवाळ्यात बर्फ नसतो म्हणून लोक हलके कपडे घेऊन जातात आणि फसतात: पाऊस असतो आणि जुन्या घरांमध्ये हीटिंग नावापुरतं असतं. बाहेरपेक्षा खोलीत जास्त थंडी वाजली, असं मला फक्त याच शहरात झालंय.

राहायला बाइशा, म्हणजे नदीलगतचा सपाट भाग, सर्वांत सोयीचा आणि त्यामुळे महाग. पैसे वाचवायचे तर मेट्रोच्या हिरव्या मार्गावर आंजोस किंवा अरोइओसकडे सरका. बाइर्रू आल्तूमध्ये खोली घेऊ नका. तिथे पहाटेपर्यंत रस्त्यावर मैफल चालते. अल्फामा फोटोत गोड दिसतं, पण टॅक्सी दारापर्यंत जात नाही आणि बॅग पायऱ्यांवरून आपणच ओढायची असते. बुकिंग करताना दोनच प्रश्न विचारा: कितवा मजला आणि लिफ्ट आहे का. याशिवाय माणशी प्रत्येक रात्रीचा ४ युरो शहर-कर वेगळा द्यावा लागतो.

बुटांबद्दल मी जरा हट्टी आहे. इथले पदपथ म्हणजे 'कल्साडा', चुनखडीच्या छोट्या चौकोनी तुकड्यांची नक्षी. शतकभराच्या पायांनी ती गुळगुळीत झालीय. पाऊस पडला की साबण लावल्यासारखी होते, आणि उतारावर तर विचारूच नका. नवे चकचकीत बूट घरी ठेवा, रबरी तळव्याचे जुने घाला.

विमानतळावरून शहरात

मेट्रो विमानतळातूनच सुटते. लाल मार्गाने आलामेदा, तिथे बदलून हिरव्या मार्गाने काइस दो सोद्रेच्या दिशेची गाडी. अर्ध्या तासात बाइशात. यंत्रातून 'नावेगांते' नावाचं कार्ड घ्यायचं, कोऱ्या कार्डाची किंमत अर्धा युरो. माणशी एक कार्ड लागतं. मी शहाणपणा करून एकाच कार्डात दोघांचे पैसे भरले; मी फाटकापलीकडे, आई अलीकडे, आणि मधल्या काचेतून आमचा संवाद चालू. असं करू नका.

२४ तासांचं तिकीट ७ युरोंच्या आसपास पडतं आणि त्यात मेट्रो, बस, ट्राम सगळं येतं. घड्याळ पहिल्या वापरापासून सुरू होतं, म्हणजे दुपारी तीनला काढलं तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत. उपनगरी ट्रेन आणि फेरीबोट या साध्या तिकिटात धरलेली नसते. त्यासाठी आणखी एक कार्ड घेऊन त्यात 'झॅपिंग'चे, म्हणजे प्रवासागणिक कापले जाणारे, पैसे भरून ठेवा. 'लिस्बोआ कार्ड' नावाचा पर्यटकांचा पास सगळीकडे पुढे केला जातो. ७२ तासांचा पास ६० युरोंच्या वर जातो. रोज दोन-तीन संग्रहालयं आतून बघणार असाल तरच तो वसूल होतो. या कार्यक्रमात होत नाही.

शुक्रवार: सकाळी बेलेम, संध्याकाळी बाइशा

बेलेम हा नदीकाठचा पश्चिमेकडचा भाग. १५ नंबरची ट्राम तिकडे जाते आणि तीत सगळं शहर कोंबलेलं असतं. काइस दो सोद्रेहून ट्रेन घ्या, दहा मिनिटांच्या आत पोचता. सोमवारी इथला मुख्य मठ बंद असतो आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, म्हणून शुक्रवार.

जेरोनिमोस मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं आणि पैसा आला पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. मलबारच्या मिऱ्यांचा दगड झाला, असं म्हटलं तरी चालेल. चर्चमध्ये जायला तिकीट नाही. आत शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर, समोर कवी कामोंइशची. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि तिथेच पुरला गेला; १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमधली रिकामी जागा पाहिली असेल तर ही भरलेली बघताना वर्तुळ पुरं झाल्यासारखं वाटतं. कामोंइशही काही वर्षं गोव्यात राहिला होता. मठाच्या आतल्या चौकाचं तिकीट १८ युरोंच्या घरात आहे, ते ऑनलाइन काढा. महाग आहे, तरी घ्या. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्रातली झुडपं आहेत. सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा दगड मधाच्या रंगाचा होतो.

समोर नदीवर ५२ मीटर उंच 'शोधांचं स्मारक' आहे: जहाजाच्या आकारावर रांगेने चढणारे दर्यावर्दी, राजे, पाद्री. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं बनवलं होतं, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने १९६० मध्ये ते कायमचं उभारलं. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबरला, गोवा त्यांच्या हातून गेला. वर चढायला पैसे घालवू नका. पायथ्याशी फरशीत कोरलेला जगाचा मोठा नकाशा आहे, तो फुकट आहे आणि त्यावर आपला पश्चिम किनारा शोधत उभं राहायला मजा येते. परतताना राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोरच्या बागेत उंच खांबावर अफोन्सो द अल्बुकर्क दिसेल, १५१० मध्ये गोवा घेणारा. हापूस हे नाव याच अफोन्सोवरून आलं असं मानतात. आईने मान वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आंबा घेऊन तरी उभा करायचा होता."

बेलेमचा बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता. उघडला असला तरी मी बाहेरूनच बघा म्हणेन. आतला जिना अरुंद आहे आणि रांग लांब.

आता खाण्याचं. पाश्तेल दे नाता म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड भरलेली पापुद्र्यांची वाटी. मठातल्या कपड्यांच्या खळीसाठी अंड्याचा पांढरा भाग जायचा, उरलेल्या बलकातून ही मिठाई निघाली, अशी कथा सांगतात. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि १८३७ पासून बेलेमच्या त्या प्रसिद्ध निळ्या छपरीच्या दुकानात ही विक्री चालू आहे. दारावरची रांग बघून घाबरू नका: ती बहुतेक वेळा पार्सलची असते. सरळ आत जा. निळ्या फरश्यांच्या दालनांमागे दालनं आहेत आणि टेबल पटकन मिळतं. गरम वाटी हातात घेतली की कडेचा पापुद्रा खारीसारखा करकरतो, वरचे काळे डाग म्हणजे जळालेली साखर, आणि त्यावर दालचिनीची पूड आपण आपली शिंपडायची. एक मागवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. अंडं वर्ज्य असेल त्यांना मात्र इथे काही नाही.

संध्याकाळी बाइशा. हा भाग वहीच्या चौकटीसारखा सरळ रेषांचा का, याला कारण १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप. सण होता, सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी जमीन हलली, मग नदीतून समुद्र आत आला, मग आगी काही दिवस धुमसत राहिल्या. राजाचा मंत्री मार्किस द पोंबाल याने शहर नव्याने आखलं आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, ज्यांना 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली, असं सांगतात. नदीकडचा भव्य चौक, प्रासा दो कोमेर्सियो, इथून रुआ ऑगुस्ताने वर चालत या.

शियादो वरच्या अंगाला आहे, आणि इथे आपला नियम फुकटात पाळता येतो. बाइशा-शियादो मेट्रो स्थानकात खालच्या दाराने शिरा; सरकते जिने एकामागून एक तुम्हाला वरच्या दाराशी नेऊन सोडतात, तिकिटाच्या फाटकातून जावंच लागत नाही. वर आलात की बेर्त्रांद हे १७३२ पासूनचं पुस्तकांचं दुकान, आणि पाच मिनिटांवर कार्मोचा मठ. भूकंपात त्याचं छप्पर गेलं ते परत घातलंच नाही. कमानींच्या फासळ्या आकाशाखाली उघड्या आहेत. त्यासमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी आणि लोकांनी मिळून हुकूमशाही संपवली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारने दिल्लीत करार करून गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. चौकातल्या झाडाखाली बसून कॉफी घ्या. सांता जुस्ता या लोखंडी लिफ्टसाठी रांगेत उभं राहू नका. मठाच्या मागच्या गच्चीवरून तेच दृश्य दिसतं.

एक गंभीर सूचना इथेच करतो. शहरातल्या पिवळ्या, दोरीने ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्यांचे फोटो सगळीकडे आहेत. ३ सप्टेंबर २०२५ ला त्यातल्या ग्लोरिया मार्गावर मोठा अपघात होऊन १६ जणांचा जीव गेला आणि फ्युनिक्युलर थांबवण्यात आल्या. तुमचा कार्यक्रम त्यांच्यावर बेतू नका.

शनिवार: अल्फामा, वरून खाली

हा दिवस माझा सर्वांत आवडता, म्हणून वेळ काढून सांगतो. सकाळी साडेसातला मार्तिम मोनिझला जा आणि २८ नंबरची ट्राम पकडा. हीच ती लाकडी बाकांची जुनी ट्राम. दहानंतर तिच्यासाठी तासभर उभं राहावं लागतं आणि आत खिसेकापूंची चांदी असते. साडेसातला मात्र बाजारहाटाला निघालेल्या आज्या आणि आपण, एवढेच. वळणावर ती घरांच्या इतकी जवळून जाते की खिडकीतल्या कुंडीला हात लागेल. ग्रासाला उतरा. तिथून पाचेक मिनिटांचा चढ, दिवसातला शेवटचाच, आणि सेन्योरा दो मोन्ते हा शहरातल्या सर्वांत उंचांपैकी एक 'मिरादोरु'. मिरादोरु म्हणजे शहर बघायचा कठडा. इथे किल्ला, नदी, पूल आणि लाल कौलांचा समुद्र एकाच नजरेत येतो. ट्राम जमली नाही किंवा थेट किल्ल्याशी जायचं असेल तर प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची छोटी बस आहे.

ग्रासाहून उतरत साओ विसेंते मठाच्या मागे या. दर मंगळवारी आणि शनिवारी इथे 'फेइरा दा लाद्रा' भरते. लाद्रा म्हणजे चोरटी. मुंबईच्या चोर बाजाराची सख्खी बहीणच: जुन्या किल्ल्या, लष्करी बटणं, फुटक्या फरश्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. पाडून मागा, पण जुन्या फरश्या घेऊ नका. पडक्या घरांच्या भिंतींवरून खरवडून आणलेल्या असण्याची शक्यता असते. बाजाराच्या खालचा पांढरा घुमट म्हणजे राष्ट्रीय स्मृतिमंदिर. या सांता एंग्रासिया चर्चचं काम १६८२ ला सुरू झालं आणि १९६६ ला संपलं. आपण ज्याला मारुतीचं शेपूट म्हणतो, त्याला पोर्तुगीज माणूस 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतो.

मग पोर्तास दो सोल आणि सांता लुझिया हे दोन मिरादोरु. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या फरश्यांमध्ये भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक चितारलाय. काल संध्याकाळी ज्या चौकात उभे होतात तोच, पण राजवाड्यासकट. इथून खाली अल्फामाच्या गल्ल्या. नकाशा खिशात टाका. खाली जाणारी कुठलीही पायवाट शेवटी नदीला मिळते, चुकणार कुठे? वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, दारात स्टूल टाकून 'जिंजा' ही चेरीची दारू पेल्यातून विकणाऱ्या बायका. १२ जूनच्या रात्री, सेंट अँथनीच्या सणाला, इथे प्रत्येक गल्लीत तारली निखाऱ्यावर भाजतात आणि घराघरांत 'मांजेरिको'ची कुंडी येते. ही आपल्या तुळशीचीच चुलतबहीण. तिला नाक लावून वास घ्यायचा नाही, तळवा फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा.

खाली पोचलात की कासा दोस बिकोस. दर्शनी भिंत सगळी टोकदार दगडांची, फणसाच्या पाठीसारखी. हे घर १५२३ मध्ये अल्बुकर्कच्या मुलाने बांधलं. आज तिथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागू यांचं प्रतिष्ठान आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा.

रात्री फादो ऐका. २०११ मध्ये युनेस्कोने या गाण्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि तेव्हापासून जेवणासकट पॅकेजं फार झाली. मोठ्या हॉलऐवजी अल्फामातलं आठ-दहा टेबलांचं ठिकाण निवडा, किमान खर्चाची अट आधी विचारा. दिवे मंद झाले की चमचासुद्धा वाजवायचा नाही. वाढपीही जागच्या जागी थांबतो.

रविवार: सिंत्रा की पलीकडचा काठ

सिंत्राला, म्हणजे लिस्बनबाहेरच्या राजवाड्यांच्या गावी, जायचं तर पूर्ण दिवस द्या, नाहीतर जाऊच नका. रोसिओ स्थानकाहून ट्रेन, साधारण ४० मिनिटं; नऊच्या आत निघा. पेना राजवाड्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, ती राजवाड्याच्या दाराची, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, अर्धा तास धरा. स्थानकाहून ४३४ नंबरची बस वर जाते. धुकं असेल तर रंगीत राजवाडा करडा दिसतो, आणि तिथे धुकं नेहमीचंच.

आईबरोबर मी सिंत्रा सोडलं. काइस दो सोद्रेहून कासिल्यासची फेरी घेतली, दहा मिनिटांची. लिस्बन पाण्यावरून बघायचं शहर आहे, हे तेव्हा कळलं. परत येऊन रुआ दो आर्सेनालवर सुक्या, खारवलेल्या कॉडची म्हणजे 'बाकल्याव'ची दुकानं बघितली. दारातच वास आला आणि आई थबकली: मालवणच्या बाजारातला वास, तोच. फळ्यांसारखे ताठ मासे उभे रचलेले, दुकानदार पात्याखाली धरून कचकन तुकडे करतोय.

पोटाचं आणि पाकिटाचं

बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी रागावत नाही. दुपारी 'प्रातो दो दिया' म्हणजे आजचं ताट, स्वस्त आणि ताजं. शाकाहाऱ्यांनी 'पेशिन्योस दा ओर्ता' शोधावं: नाव 'बागेतले छोटे मासे', पण आहेत फरसबीच्या शेंगांची भजी. 'काल्दो वेर्दे' या हिरव्या सूपमध्ये बहुधा सॉसेजची चकती तरंगते, म्हणून 'सें कार्ने, सें पेश' म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करा. कॅफेच्या काचेत 'शामुसा' दिसला तर तो आपला समोसाच आहे, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने आलेला. आत काय भरलंय ते मात्र विचारा.

पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी: पाट्यांवर हे शब्द जवळपास जसेच्या तसे दिसतात. पैसे देण्याच्या यंत्रावर 'पगार' लिहिलेलं असतं. आपल्याकडे तो येतो, इथे जातो. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादो', बाईने 'ओब्रिगादा'.

बाइशात कुणी कुजबुजत चरस विकायला आला तर मान हलवून पुढे चला. ते बहुतेकदा दाबलेलं तमालपत्र असतं, म्हणून पोलिसही फारसं काही करू शकत नाहीत.

परतीचं विमान शेंगेनबाहेर जाणारं असेल तर सुरक्षा-तपासणीनंतर पासपोर्टची वेगळी रांग आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत आल्याने ती लांबलीय. तीन तास हातात ठेवा. नाताचा सहाचा डबा केबिन बॅगेत सपाट ठेवायचा. घरी गरम करायचा तो ओव्हनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये नाही. पापुद्रा लगेच चामट होतो.